आई : गेली

शेवंताबाई मेलेली नव्हती. हे मला माहीत होतं आणि आजपर्यंत मी ते कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकांना नाही, बाबा शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून पडून होते तेव्हा त्यांनाही नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष देण्याची पद्धत आहे. उपासना संपत आली की माणसं आपापल्या जागी उभी राहतात, दारू कशी सुटली ते सांगतात, भावाभावांतला अबोला कसा मिटला ते सांगतात, बायका पदराने डोळे पुसतात. इतक्या वर्षांत मीही तीन-चारदा उभा राहिलो. प्रत्येक वेळी घसा खाकरला आणि दुखण्यातून देवाने कसं उठवलं एवढंच सांगून खाली बसलो. आता साठी जवळ आली आहे. तोंडाने जमत नाही म्हणून लिहितो आहे. हे सगळं झालं तेही लिहिण्यानेच झालं होतं.

आमचं आवार सिंदीपासून दोन कोसांवर, रेल्वेलाइनीच्या अलीकडे होतं. लोक त्याला नुसतं मिशन म्हणत. कौलारू देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), त्याच्या मागे मुलींचं बोर्डिंग, एका अंगाला बालवाडीची पडवी आणि शिवणवर्गाची खोली, आणि फाटकाजवळ दवाखाना, ज्यात कंपाउंडर आठवड्यातून दोनदा येऊन बसे. बाबा बोर्डिंगचे सुपरिंटेंडेंट. ते नगरकडचे, त्यांची भाषा बायबलातली, संथ आणि धुतलेली. आई अल्लीपूरची, तिची वऱ्हाडी शेवटपर्यंत सुटली नाही. बाबा म्हणायचे, “अगं, ‘का’ म्हणावं. मुली तुझं ऐकून शिकतात.” आई चुलीवरून नजर न काढता म्हणायची, “काऊन? काऊन म्हटलं तं तुमच्या देवाले ऐकू नाई येत का?” पहाटे फाटकापाशी टांगलेला रुळाचा तुकडा बडवला जाई, मग चाळीस मुलींचे पाय, मग विहिरीच्या रहाटाची करकर, मग देवळातून गीताचा आवाज, आणि त्याच्या मध्येच कधीतरी कापसाच्या गाठी घेऊन जाणारी मालगाडी, की सगळं गीत तिच्याखाली चिरडून जाई. मुली थांबत नसत. तोंडं हलत राहत, गाडी गेली की आवाज परत सापडे.

आमच्या घरात देवाच्या खालोखाल उच्चारला जाणारा शब्द ‘ग्रँट’ हा होता. परदेशातल्या कुठल्याशा थंड गावातली मंडळी दर रविवारी डब्यात नाणी टाके. ती त्यांच्या बोर्डाकडे जात, तिथून मुंबईच्या ऑफिसात, तिथून आमच्याकडे. त्यातून बोर्डिंगची ज्वारी येई, बालवाडीच्या बाईंचा पगार होई, शिवणवर्गाचे दोरे आणि दवाखान्यातली खोकल्याची लाल बाटली येई. ग्रँट आली की वरण घट्ट, लांबली की वरणातून ताटाचं बूड दिसायचं. मुलींना वेगळं सांगावं लागत नसे. सकाळचा सांजा आणि पावडरचं दूधही तिकडूनच. दुधाला पत्र्याच्या डब्याचा वास असे, पण त्या वासाने पोट भरायचं हे खरं. हिवाळ्यात आजूबाजूच्या शेतांतून तुरीच्या ओल्या शेंगा यायच्या, मग आई सोलेभात करायची आणि त्या दिवशी कोणी ग्रँटचं नाव काढत नसे.

या सगळ्याच्या बदल्यात तिकडे कागद जात. वर्षातून दोनदा अहवाल, आणि प्रत्येक मुलीचं एक माहितीपत्रक: नाव, गाव, बाप, आई, तब्येत, प्रगती. बाबांचं इंग्रजी बेताचं. आधी सिंदीचे एक निवृत्त मास्तर हे भाषांतर करून देत. ते वारल्यावर काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा नववीत होतो आणि इंग्रजीत वर्गात पहिला होतो. बाबा रजिस्टरमध्ये मराठीत लिहीत, मी शेजारी बसून इंग्रजीत टाइप करी. यंत्र जुनं, त्यावर एक अक्षर उमटतच नसे, ते मागाहून पेनाने भरावं लागे. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, “हे नुसतं टाइप करणं नाही. ही सेवा आहे. तिकडच्या लोकांना आपली मुलं तुझ्या डोळ्यांनी दिसतात.” माझी छाती फुगली होती. आज वाटतं, एवढ्या पोराच्या हातात एवढं द्यायला नको होतं. पण हे म्हणजे पुन्हा बाबांवर ढकलणं झालं.

रमाला तिच्या मामाने, किसनने, आणून सोडलं तेव्हा ती सात वर्षांची असेल. कोसभर अंतरावरच्या बौद्ध वस्तीतली. बाबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: ‘बाप : मयत. आई : गेली. मामा सांभाळतो.’ मी त्या संध्याकाळी बारा पत्रकं उरकत होतो. मैदानावर कबड्डीचा आरडाओरडा ऐकू येत होता आणि मला तिकडे पळायचं होतं. आमचे आजोबा सेवाग्रामच्या दवाखान्यात गेले तेव्हा मिळालेल्या कागदावर ‘एक्स्पायर्ड’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला होता. तो मला फार भारदस्त वाटला होता, आणि वापरायला जागा मिळत नव्हती. बापाच्या रकान्यात तो टाकला. आईच्या रकान्यातही टाकला. दोन्ही ओळी एकसारख्या दिसल्या, नीटनेटक्या. बाबा मेलेल्या माणसाला कायम ‘मयत’ लिहीत, दुसरा शब्द त्यांच्या रजिस्टरमध्ये कधी नसे. हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी पाहिलं नाही.

सहा-सात महिन्यांनी तिकडच्या मंडळीतल्या महिलांचं पत्र आलं. त्यांनी रमाला आपली म्हणून निवडलं होतं. पत्रात बर्फात उभ्या असलेल्या देवळाचं चित्र होतं. दुपारी जेवणं झाल्यावर मी ऐटीत पडवीत बसलो आणि रमाला बोलावून वाचून दाखवू लागलो. प्रिय रमा, तुझ्याविषयी वाचून आम्हा सर्वांना रडू आलं. तुझी आई आता प्रभूपाशी आहे, तिला तिथे काही दुःख नाही.

रमा चित्र पाहत होती. मान वर न करता म्हणाली, “माय प्रभूपाशी नाई. माय धरणावर हाय.”

“कुठल्या धरणावर?”

“चांद्याकडे. गिट्टी फोडाले गेलती. बायांसंग.”

मी पत्रातली ती ओळ पुन्हा पाहिली. पण बाकीच्या मुली ऐकत होत्या आणि कागद माझ्या हातात होता. मी म्हणालो, “इथं लिहिलंय, रमा.”

“कोणं लिवलं?”

“तिकडच्या बाईंनी.”

“त्याईले कोणं सांगतलं?”

या प्रश्नाचं उत्तर आवारात एकट्या मला माहीत होतं. मी म्हणालो, “त्यांना कळतं.”

ती परत त्या बर्फाकडे बघू लागली. मग म्हणाली, “मंग मेली असन.” आणि चित्र घडी करून परकराच्या नेफ्यात खोचून निघून गेली. संध्याकाळी आईने विचारलं, “हे पोट्टी काऊन जेवून नाई राह्यली वं?” तेव्हा दुसरी एक मुलगी म्हणाली, “तिची माय मेली ना, काकू. कागद आला.” कागद आला, एवढ्याने सगळ्यांचं समाधान झालं. आई उठून रमाजवळ गेली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी माझं ताट तसंच ठेवून ऑफिसात गेलो आणि रजिस्टर काढलं. आई : गेली.

तेव्हाच सांगायचं होतं. बाबा ओसरीवर कंदील पुसत बसले होते, दहा पावलांवर. पण त्याच टपालात दुसरंही एक पत्र होतं, बोर्डाचं, आणि ते बाबांनी सकाळीच वाचलं होतं. रमाच्या आईच्या स्मरणार्थ त्या महिला तिच्या गावच्या वस्तीत विहीर बांधून देणार होत्या. वेगळी ग्रँट, एकदाच मिळणारी. त्या वस्तीतल्या बायका उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरत. बाबा तीन वर्षं त्यांच्यासाठी अर्ज करत होते. मी दारात उभा राहिलो, तर बाबा म्हणाले, “बघ, देव कुठल्या वाटेने पाणी आणतो.” त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना तसं फार कमी वेळा पाहिलं. मी म्हणालो, “हो, बाबा.”

उन्हाळ्यात विहिरीचं काम सुरू झालं. चार हातांवर काळा दगड लागला आणि सुरुंग लावावे लागले. कोसभरावरून तो धमाका आमच्याकडे येई तो जमिनीतून यायचा. आधी तळपायाला कळे, मग कानाला. देवळाच्या कौलांतून धूळ पडे. मुली हसत, मी हसत नसे. प्रत्येक धमाक्याला मला वाटे, आता कोणीतरी येऊन सांगेल. कोणी आलं नाही. उलट वस्तीने ती बातमी आपलीशी केली. बाबांनी किसनला विहिरीचं सांगितलं तेव्हा तो उकिडवा बसला. मग म्हणाला, “आमाले तं काईच समजलं नाई साहेब. तुमाले परदेशातून समजलं?” बाबांना वाटलं, बहिणीचं दुःख ताजं झालं. किसनला वाटलं, साहेबांकडे पक्की बातमी असणार. दोघांच्या मधे मी उभा होतो.

दगडावर काय लिहायचं यावरून दिवाळीच्या सुमारास खल झाला. पाथरवट वर्ध्याचा, म्हणाला, मी ‘कै.’ घालतो, सगळ्यांना तेच घालतो. किसन म्हणाला, आमच्यात कैलास नाही, ‘कालकथित’ लिहा. बाबांना ‘प्रभूत निजलेली’ आवडलं असतं, पण ती मंडळीतली नव्हती. पाथरवट वैतागून म्हणाला, “गुरुजी, मेलेली एकच बाई हाय ना? मंग इतके नाव कायले?” सगळे हसले. शेवटी बाबांनी किसनचं ऐकलं. माझ्याकडे अक्षरं सुवाच्य काढून द्यायचं काम आलं, आणि मी ती पांढऱ्या कागदावर मोठी, पट्टी लावून काढली: कालकथित शेवंताबाई यांच्या स्मरणार्थ.

नाताळ होऊन गेला होता. विहिरीला पाणी लागलं होतं. तिकडच्या महिलांपैकी एक बाई स्वतः विहिरीच्या समर्पणाला येणार होत्या आणि आईबाबा त्यांच्या उतरण्याची सोय करायला वर्ध्याला गेले होते. दुपारी मुली झोपलेल्या. फाटकापाशी एक बाई उभी दिसली. उन्हाने करपलेली, केसांत पांढरी भुकटी, हातात गाठोडं.

“हे मिशन व्हय ना, बाबू?”

“हो.”

“माही पोट्टी हाय इथं. रमा. किसन बोलला होता, मिशनमंदी ठेवतो म्हून.”

मी विचारलं, “तुम्ही कोण?” विचारण्याची गरज नव्हती.

“मी शेवंता.” ती माझ्याकडे बघून हसली. “असा काऊन पाहून राह्यला? भूत पाह्यल्यासारखा.”

बोर्डिंगचं दार तिथून पन्नास पावलांवर होतं. हाक मारली असती तरी रमा उठली असती. मी म्हणालो, “परीक्षा आहे मुलींची. भेटता येत नाही.”

“लांबून पाहतो ना. बोलत नाई.”

“साहेब रागावतील. आठ दिवसांनी या.”

तिने वाद घातला नाही. ज्यांना आयुष्यभर ऑफिसांच्या फाटकांतून परत पाठवलं गेलं आहे त्यांना वाद घालायची सवय नसते, हे मला नंतर नोकरीत कळलं. तिने एवढंच विचारलं, “पोटभर देते ना जेवाले?” मी हो म्हणालो. “दूध?” मी म्हणालो, पावडरचं. “मंग बरं हाय,” ती म्हणाली, आणि गाठोड्यातून चिंधीत बांधलेली बोरं काढून माझ्या हातावर ठेवली. “तिले देजो.” ती वस्तीच्या वाटेने गेली. बोरं मी रमाला दिली. मामाने पाठवली म्हणून सांगितलं.

दोन दिवसांनी दगड बसवताना मी बाबांबरोबर वस्तीत गेलो. बाबा गवंड्याशी बोलत होते. किसनने मला बाभळीच्या आडोशाला ओढलं. 

“बाबू, शेवंता आली.”

मी वळून बाबांकडे पाहिलं.

“जित्ती हाय. घरात लपवून ठेवली. बायको म्हणे, साहेबाले सांगा. सांगू का?” मग त्याने विहिरीकडे पाहिलं. काठावर बायका वाकून पाणी बघत होत्या. एकमेकींना ढकलत होत्या. “विहीर वापस घेतीन का रे थे लोक?”

मला काय ठाऊक? मला त्या बोर्डाचा एकही नियम ठाऊक नव्हता. मी म्हणालो, “पैसे परत मागतील. रमालाही ठेवणार नाहीत. ती अनाथ म्हणून आहे.”

किसनने डोक्यावरचा गमछा काढला, परत बांधला. “मंग राहू दे मेलेली,” तो म्हणाला. “आठ दिवसाचा तं सवाल हाय.”

तेव्हा मला हलकं वाटलं. हे मी जपून लिहितो आहे, कारण ते खरं आहे. आता हे गुपित एकट्या माझं नव्हतं, एक मोठा माणूस त्यात सामील झाला होता, एवढ्याने मला त्या रात्री झोप लागली.

समर्पणाच्या सकाळी थंडी होती आणि आजूबाजूला कापूस फुटलेला, सगळं रान पांढरं. पाहुण्या बाई उंच, वयस्क, फार प्रेमळ होत्या; त्यांनी वस्तीतल्या प्रत्येक बाईचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. गावी स्वतःच्या हाताने विणून विकलेल्या मोज्यांतून त्यांनी ही विहीर उभी केली होती. दुभाषा मीच. रमाला नवा फ्रॉक घातला होता. तिच्या हातात झेंडूची फुलं होती. समोर सतरंज्यांवर वस्ती बसली होती, आणि शेवटच्या रांगेत किसनच्या बायकोशेजारी एक बाई पदर नाकापर्यंत ओढून बसली होती. विचारलं तर किसनची मेहुणी म्हणून सांगायचं ठरलं होतं. तिला पोरगी लांबून बघायची होती, म्हणून ती आली होती.

प्रार्थना झाली. मग पाहुण्या बाई मला म्हणाल्या, शेवंता कशी होती, तिच्याविषयी या भगिनींपैकी कोणी दोन शब्द सांगेल का? मी मराठीत विचारलं.  किसन पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. शेवटी भागाबाई म्हणून एक म्हातारी उभी राहिली, तिला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, “भांडखोर होती. एकदा माह्या बादलीवरून माही झिंजी धरली होती. पण मनात काई ठेवे नाई.” बायकांनी तोंडाला पदर लावले. शेवटच्या रांगेतल्या त्या पदराखालीही खांदे हलत होते, हसण्याने. मी भाषांतर केलं: ती धीट होती आणि तिचं मन निर्मळ होतं. पाहुण्या बाईंनी डोळे पुसले.

मग रमाने फुलं दगडापाशी ठेवली, आणि बाई बोलायला लागल्या. त्या म्हणाल्या, आमच्या महिला रमाच्या शिक्षणाचा भार शेवटपर्यंत उचलतील, तिला हवं तर नर्स होऊ दे. एवढंच म्हणाल्या. मी ते मराठीत सांगायला तोंड उघडलं आणि माझी नजर शेवटच्या रांगेकडे गेली. आठ दिवस आज संपत होते. उद्या ही बाई फाटकाशी येईल, बाबा तिला विचारतील, मग रजिस्टर निघेल, मग माझा टाइप केलेला कागद निघेल. मी मोठ्या, स्वच्छ आवाजात सांगितलं, “रमाला आई नाही म्हणून या भगिनी तिला नर्स होईपर्यंत शिकवतील. आई असती, तर हे त्यांना करता आलं नसतं.”

हे दुसरं वाक्य त्या बाईंचं नव्हतं. पहिल्यातलं ‘आई नाही म्हणून’ हेही नव्हतं. ते माझं होतं, आणि मी ते एका माणसासाठी बोललो होतो. बाबांना इंग्रजी कमी कळे, तरी त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. 

शेवटच्या रांगेतल्या बाईने पदर आणखी पुढे ओढला. मग उठली, सतरंजीवरून चप्पल हातात घेऊन मागे सरकली, आणि पऱ्हाटीच्या धुऱ्यावरून, कापसाच्या शेताच्या बांधावरून, चालायला लागली. मागे वळली नाही. रमा माझ्याजवळ उभी होती. तिने विचारलं, “दादा, थे बाई काऊन गेली?”

“काम असेल तिला.”

“माह्या मायसारखी चालते.”

ती एक पाऊल पुढे गेली. मी तिचं मनगट धरलं. किती जोरात, ते तिच्या तोंडावरून कळलं. मी म्हणालो, “तुझी माय इथं आहे, रमा. वाच.” वाचायला तिला मीच शिकवलं होतं. तिने दगडावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं, का, ल, क, थि, त, आणि पुढे तिच्या आईचं नाव. वाचून झाल्यावर तिने धुऱ्याकडे परत पाहिलं नाही. माझा शब्द खरा मानायची तिला सवय झाली होती.

पुढच्या दिवसांत मी रोज फाटकाकडे बघायचो. कोणी आलं नाही. किसनने नंतर सांगितलं, ती त्याच पावली स्टेशनावर गेली. तो मागोमाग गेला, तेव्हा तिने त्याला आणि त्याच्याकरवी गुपित माहीत असलेल्या पाच-सहा बायांना शपथ घातली, पोट्टी नर्स होईस्तोवर माझं नाव काढायचं नाही. वस्तीने तोंड उघडलं नाही. पाणी सगळ्यांनी प्यायलं होतं. रमा शिकत गेली, तिकडून दर नाताळाला कार्ड येत राहिलं. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना किसन एका दुपारी आवारात आला, मी सुट्टीवर घरी होतो. तो पायरीवर बसला. पाणी प्यायला. म्हणाला, “बाबू, शेवंता गेली.” आणि उठून चालू लागला. तो कोणत्या अर्थाने म्हणाला, हे मी विचारलं नाही. माझ्यासारख्याला तो शब्द दोनदा विचारून घ्यायला हवा होता. किसनही आता नाही, भागाबाईही नाही.

मी आयुष्यभर संस्थांसाठी अर्ज आणि अहवाल लिहिण्याचंच काम केलं. ते करताना एकदा त्या जुन्या बोर्डाच्या नियमांची पुस्तिका हाती आली, त्याच वर्षांतली. मुलींच्या बोर्डिंगसाठी पात्रता: अनाथ अथवा गरजू. अथवा. आई जिवंत असती तरी रमा राहिली असती, जेवली असती, नर्स झाली असती. विहिरीबद्दल एक पत्र लिहून चूक झाली असं कळवलं असतं, तर त्या प्रेमळ म्हातारीने, मला वाटतं, आनंदाने दगड बदलून दिला असता. मी ती पुस्तिका कपाटात ठेवली आणि त्या दिवशी जेवायला बसलो, ते मला आठवतं. जेवण नेहमीसारखं झालं.

बाबांनी ते रजिस्टर निवृत्तीनंतरही घरी ठेवलं होतं. ते गेल्यावर मी उघडलं. रमाच्या ओळीत, ‘गेली’च्या पुढे, पेन्सिलीने, त्यांच्या संथ अक्षरात एक बारीक प्रश्नचिन्ह होतं. केव्हा काढलेलं, देव जाणे.

रमा नागपूरला असते. दवाखान्यातून काही वर्षांत निवृत्त होईल, नातू आहे. मला अजून दादा म्हणते, नाताळात फोन करते, तुमच्यामुळे मी शिकली म्हणते. तीही पुढे मंडळीत आली; मृतांच्या आठवणीच्या रविवारी ती आईचं नाव आमच्या पाळकांकडे कळवते आणि ते आमच्या देवळात वाचलं जातं. मी तेव्हा खाली बघतो.

रमाचं मी एवढं देणं लागतो: त्या सकाळी धुऱ्यावरून गेलेली बाई तुझी आई होती, आणि तिला मी घालवलं, हे मला तुझ्यासमोर बसून सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.